अफूचं पोर

आमच्या गावच्या घरावरचा पेंढा उतरून कौलं चढली, त्या साली धोंडू झाला. सन छप्पन. कौलांचं काम संपवून सासूबाई माझ्या बाळंतपणासाठी बोटीनं मुंबईला आल्या आणि त्याच आठवड्यात लालबागला कर्फ्यू लागला. संयुक्त महाराष्ट्रासाठी गिरण्या बंद, दुकानं बंद, नाक्यावर बंदूकवाले शिपाई. मला कळा सुरू झाल्या तेव्हा इस्पितळात न्यायला कोणी खाली उतरेना. चाळीतलीच गंगुबाई सुईण आली, तीही गॅलरीतून भिंतीला चिकटून चालत. १९ जानेवारीला भर दुपारी मूल झालं.

ते रडलं नाही. गंगुबाईनं पाय धरून उलटं केलं, पाठीवर चापट्या मारल्या, तेव्हा मांजरीच्या पिल्लाएवढा आवाज काढून पुन्हा गप्प झालं.

"झिलगा हाय, पोरगा," ती म्हणाली. आणि मग हातावर तोलत, "मऊ हाय पण. हाडं नसल्यागत."

सासूबाईंनी त्याला घेतलं, खिडकीकडे नेलं, डोळ्यांकडे बघितलं, मानेमागची जादा कातडी चिमटीत धरून बघितली. तोंडातून जिभेचं टोक बाहेर आलेलं. माझी आधीची दोन गेली होती. एक अकराव्या दिवशी, एक पाचव्या महिन्यात. बारशाला त्यांनी कोणाला विचारलंच नाही.

"ह्याचं नाव धोंडू. धोंड्याला कोण उचलून नेनार?"

पण धोंड्यासारखा तो नव्हता. मी वायंडिंग खात्यात होते, बाबिनीवरचं सूत कोनावर चढवायचं काम. पिंजलेल्या कापसाचा पेळू हातात घ्यावा तसं ते पोर हातात यायचं. उचललं की चारी बाजूंनी ओघळायचं. अंगावर घेतलं तर तोंड उघडायचं, पण धरायचं नाही. जीभ वर, बोंड खाली. दोनदा चोखल्यासारखं करून झोपी जायचं. दूध गालावरून मानेत, मानेतून माझ्या लुगड्यात. माझं अंग दगडासारखं भरून यायचं, काखेपर्यंत गाठी, आणि मांडीवरचं पोर उपाशी झोपलेलं.

"भूक लागली की पियेल," जयवंत म्हणाला. जयवंत माझा नवरा, रिंग खात्यात सूत कातायच्या यंत्रावर होता.

"त्याला भूक लागतच नाय," मी म्हटलं.

"असं कुठं असतंय?"

सासूबाई चुलीपुढून म्हणाल्या, "दूध बघायला पायजे."

दूध बघायचं म्हणजे काय ते मला ठाऊक होतं. आमच्या गावात बघतात. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला गॅलरीत बसवलं, वाटीच्या पालथ्या बुडावर माझं दूध पिळायला लावलं आणि कठड्यावरची एक काळी मुंगी उचलून त्या थेंबात सोडली. मुंगी वाचली तर दूध चांगलं, मेली तर जड. शेजारची लक्ष्मी पाण्याची कळशी घेऊन थांबली. पलीकडच्या खोलीतून चंपा आली. मी पदर सावरून खाली मान घालून बसले होते. सगळ्या जणी मुंगीकडे बघत होत्या.

मुंगीनं पाय हलवले आणि थांबली.

"मेली गो," चंपा म्हणाली.

"चिमटीतच चिरडली असंल," लक्ष्मी म्हणाली.

सासूबाई वाटी धुवायला उठल्या. त्या दिवशी दुपारी त्यांनी भय्याकडून पावशेर म्हशीचं दूध आणलं, पोरांना पाजायचं चोचीचं बोंडलं घासून काढलं आणि त्यात पाणी घालून धोंडूच्या तोंडाला लावलं. त्याला ठसका लागला, ओठ निळे झाले. मी पोर ओढून घेतलं.

"माझं दूध हाय तवर बोंडलं लावायचं नाय."

"मुंगी बघितलीस ना?"

"बघितली. तुमच्याच हातानं मेली."

बोंडलं त्यांनी फळीवर उपडं घातलं. पण त्या दिवसापासून आम्ही दोघी एकमेकींच्या हातांकडे बघायला लागलो.

*

फेब्रुवारी संपता संपता माझी रजा संपली. गिरणीत बायकांच्या पोरांसाठी पाळणाघर होतं. दिवसातून दोनदा सुट्टी घेऊन पोराला पाजायला जायची परवानगी होती. मी धोंडूला तिथंच ठेवणार होते.

पहिल्या दिवशी सकाळी सातच्या भोंग्याआधी त्याला घेऊन गेले. पाळणाघराची बाई जाड काचांचा चष्मा लावायची. तिनं धोंडूला टेबलावर ठेवलं, पापणी अंगठ्यानं वर केली, हात उचलला आणि सोडला. हात फट्दिशी पडला. दुसरा उचलला, तोही पडला. मग तिनं वाकून त्याच्या तोंडाचा वास घेतला.

"गोळी किती वाजता दिलीस?"

"कसली गोळी?"

"मला शिकवू नकोस. चौदा वर्षं पोरं बघतेय. अफूचं पोर आहे हे."

"बाय, मी कधी हातसुद्धा लावला नाय अफूला."

"मग घरात कोणी देत असेल. असलं पोर इथं झोपेत गेलं तर माझ्या गळ्याशी येईल. घेऊन जा."

मागं सात-आठ जणी आपापली पोरं घेऊन उभ्या होत्या. त्यांनी मला वाट दिली, आणि वाट देताना आपली पोरं पदराखाली घेतली. आमच्या खात्यातल्या बायकांची मुकादम, नायकीण सुभद्रा, जिन्यापाशी भेटली. तिनं एका बाजूला घेतलं.

"खरं सांग, बकुळे. मी कोणाला बोलणार नाय."

"देवाशपथ नाय."

"तुझी सासू जुन्या काळची गिरणीवाली ना?"

तेवढंच ती बोलली आणि खात्यात गेली. मी पोर घेऊन घरी आले, वाटीत दूध काढून ठेवलं, त्याला सासूबाईंच्या मांडीवर दिलं आणि अर्धा तास उशिरानं कामावर उभी राहिले.

तो दिवसभर माझ्या डोक्यात एकच चक्र चाललं. सासूबाई तरुणपणी याच लालबागला रिळांवर काम करत. त्या वेळी पाळणाघरं नव्हती. बायका पोरांना अफूची बाळगोळी चाटवायच्या, खोलीला कडी घालायच्या आणि गिरणीत जायच्या. पोर संध्याकाळपर्यंत उठायचं नाही. सासूबाईंनी स्वतःच मला हसत सांगितलं होतं, "जयवंताला गोळीवर वाढवला. बघ केवढा झाला." म्हशीचं दूध मी बंद केलं. मग पोर गप्प ठेवायला त्या काय करत असतील?

दुपारच्या सुट्टीत मी चाळीकडे धावत आले. चोळी पुढून ओली झाली होती. दारात पाय ठेवला तर धोंडू झोपलेला आणि सासूबाई बोटं पदराला पुसत होत्या.

"काय दिलंत?"

"काय देनार? तू सकाळी वाटीत काढून ठेवलेलं दूध."

"ते प्यायला?"

"प्यायला."

वाटी रिकामी होती. पण पोर निपचित. मी त्याला हलवलं, हाक मारली, गालाला बोंड लावलं. तोंड उघडून तसंच राहिलं. मी सासूबाईंचा हात धरून बोटांचा वास घेतला. दुधाचा वास होता, आणि मिसरीचा. त्यांनी हात काढून घेतला नाही. मला पुरतं हुंगू दिलं.

"झालं?" त्या म्हणाल्या.

*

बोटीतून आणलेलं त्यांचं एक गाठोडं कोपऱ्यात असायचं. त्याला सुतळी बांधलेली. त्या कोणालाही त्याला हात लावू देत नसत. एकदा मी झाडताना बाजूला सरकवलं तर उठून पुन्हा जागेवर ठेवलं.

आमच्या खात्यात धागा तुटला की दोन्ही टोकं चिमटीत धरून गाठ मारतात. ती गाठ तिळाएवढी आणि चपटी. ती खात्यातल्या बाईलाच येते, आणि मारलेली आपली गाठ आपण ओळखतो. सोमवारी सकाळी सासूबाई संडासाला गेल्या तेव्हा मी गाठोड्याची सुतळी सोडून आमची गाठ मारली. आत बघितलं नाही. मी नसताना त्या ते उघडतात याची मला आधी खात्री पाहिजे होती.

संध्याकाळी आले ती आधी गाठोड्याकडे गेले. सुतळीला मोळीची गाठ होती. गावाकडे लाकडांच्या मोळीला मारतात तसली, मोठी.

जयवंत चहा पीत होता. मी त्याच्या समोर गाठोडं ओढलं आणि सोडलं. एक जुनं लुगडं, सासऱ्यांचा फोटो, आणि तपकिरीची डबी. डबीत कागदात गुंडाळलेल्या हरभऱ्याएवढ्या काळ्या गोळ्या. एक मोडली. अफूचा तो कडू, उग्र वास मला लहानपणापासून माहीत होता.

"ही बघा तुमच्या आईची माया."

जयवंतानं गोळी हातात घेतली. "आये, हे काय?"

सासूबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं.

"माझ्या हायत त्या."

"तुमच्या?" मी म्हटलं. "तुम्हांला काय झालंय? बघताय काय माझ्याकडे? माझ्या पोराला झोपवून मारताय! मुंगी मेली म्हणून माझं दूध वाईट ठरवलंत, आता हे!"

माझा आवाज गॅलरीभर गेला. दारात लक्ष्मी आली, चंपा आली, बाबुराव आले. बाबुराव म्हणजे चाळीचे लिहिणारे-वाचणारे, मोर्चाची पत्रकंही त्यांच्याच हातची. ते म्हणाले, "वहिनी, हळू." पण ऐकायला थांबले.

सासूबाई उठल्या. पाळण्याजवळ गेल्या आणि धोंडूच्या डोक्यावर हात ठेवला.

"ह्याच्या तोंडात मी गोळी घातली आसंल तर ह्याच हाताला किडे पडोत."

"त्याच्या डोक्यावरचा हात काढा," मी म्हटलं.

त्यांनी हात काढला. जयवंत भिंतीकडे बघत होता. तो काही तरी बोलेल म्हणून त्या थोडा वेळ थांबल्या असाव्यात. मग खाली बसून गाठोडं पुन्हा बांधायला लागल्या. डबी त्यांनी जयवंताच्या हातातून मागून घेतली. मला तेव्हा वाटलं, केवढी निलाजरी.

तिसऱ्या दिवशी त्या भाऊच्या धक्क्यावरून बोटीनं गेल्या. जयवंत पोचवायला गेला होता. आल्यावर माझ्याशी आठ दिवस बोलला नाही.

*

मी बिनपगारी रजा टाकली आणि घरी बसले. आता घरात माझ्याशिवाय कोणी नव्हतं. दोन दिवसांत अफू उतरेल, पोर रडून उठेल, मग अंगावर लागेल, असा माझा हिशोब.

दोन दिवस झाले, चार झाले. धोंडू झोपलेलाच. जागा असला तरी तसाच, छताकडे बघत, जीभ बाहेर. चोखायला लागला की दोन मिनिटांत गळून जायचा. मला वाटलं, आधीची गोळी अंगात मुरली असेल. मग वाटलं, जाताना पाळण्याच्या चिंधीत काही बांधून गेल्या असतील. चिंध्या सोडून उन्हात घातल्या. मग लक्ष्मीवरही संशय आला. मी नळावर जाते तेव्हा ती पोराजवळ येते, सासूबाईंशी तिचं सूत होतं. मी नळावर जाताना दाराला कुलूप घालायला लागले. लक्ष्मीनं कुलूप बघितलं आणि माझ्याशी बोलणं सोडलं.

आठव्या दिवशी धोंडूची टाळू खोल गेलेली दिसली. मांड्यांची कातडी सैल लोंबत होती. सुभद्रा नायकीण बघायला आली, तिनं पोर एकदा हातात घेतलं आणि म्हणाली, "पायात चपला घाल. आत्ता."

परळच्या इस्पितळात एक वयस्क डॉक्टरीणबाई होती. तिनं धोंडूला पूर्ण उघडा केला. तळहात उघडून बघितला. तिथं एकच आडवी रेघ होती. पायाच्या अंगठ्याची फट बघितली, छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं.

"बाय, अफू उतरंल ना?" मी विचारलं.

"अफू? कोण म्हणालं अफू?"

"पाळणाघरातली बाई म्हणाली. माझी सासू..."

"अफूनं डोळ्याची बाहुली टाचणीएवढी होते. याची बघ, चांगली आहे. या पोराला कोणी काही दिलेलं नाही. हे जन्मतःच असं आहे. आम्ही याला मंगोल म्हणतो."

"मंगळ? पत्रिका अजून केली नाय, बाय."

सुभद्रानं मला कोपर मारलं. डॉक्टरीण हसली नाही.

"मंगळ नाही. मंगोल. कोणाच्या दुधानं होत नाही, कोणाच्या नजरेनं होत नाही. याचे स्नायू सैल असतात, म्हणून ओढता येत नाही, लवकर दमतो. छातीतही आवाज आहे."

"जगंल?"

"ते मला सांगता येणार नाही. बुद्धीनं मागे राहील. पण आज तो मरतोय तो उपाशी. आणि ते तुझ्या हातात आहे. हे मूल मागणार नाही. रडायची वाट बघायची नाही, दर दोन तासांनी उठवून द्यायचं."

तिनं मला स्टुलावर बसवलं, धोंडूला माझ्या मांडीवर जवळजवळ उभाच धरला. "तीन बोटांनी थान खालून उचल. अंगठा आणि पहिलं बोट पुढं मोकळं ठेव. त्या दोन बोटांच्या खोबणीत त्याची हनुवटी. आता दोन्हीकडून गाल हलके दाब. त्याचा जबडा त्याला धरता येत नाही, तू धर. काम काय करतेस?"

"वायंडिंगला."

"मग चिमूट तुला शिकवायला नको."

गाल दाबले तशी जीभ खाली बसली. बोंड आत गेलं. एकदा, दोनदा, तीनदा. चौथ्या वेळी दूध गिळल्याचा आवाज आला. मग थांबला, डोळे मिटले. "झोपू देऊ नकोस," डॉक्टरीण म्हणाली, आणि त्याच्या तळपायावर तिनं बोटानं टिचकी मारली. तो दचकला आणि पुन्हा ओढायला लागला.

घरी आल्यावर मी गॅलरीत उजेडाला बसून तसंच धरून पाजत होते. थांबला की तळपायाला टिचकी. लक्ष्मी तांब्या विसळत होती. न बघितल्यासारखं करून ती म्हणाली,

"आता बरोब्बर सासूसारखी मारतेस."

"काय?"

"टिचकी. तू कामाला गेलीस की म्हातारी दिवसभर हेच करायची. टिचकी मारायची, ओल्या फडक्यानं तोंड पुसायची, जागं करायची. तुझ्या वाटीतल्या दुधात कापसाची वात बुडवून एकेक थेंब जिभेखाली सोडायची. एक वाटी संपवायला दोन तास. मी म्हटलं, झोपू दे की गो, सकाळपासून छळतेस. म्हनली, झोपला तर जाईल."

"मला का नाय सांगितलंस?"

"कधी सांगू? त्या दिवशी जयवंता समोर होता, मग तू दाराला कुलूप घालत होतीस."

तिनं तांब्या उचलला. "आणि गोळ्या तिच्याच होत्या. पोटात कळ आली की भिंतीला पाठ लावून बसायची, तोंडात लुगड्याचा बोळा. मला म्हनली, जयवंताला सांगू नको, इस्पितळात घालून कापतील. आमचं नुकतंच घर शाकारलंय, कौलाखाली मरू दे."

धोंडू थांबला होता. टिचकी मारायचं माझ्या लक्षात राहिलं नाही. लक्ष्मीनंच वाकून मारली.

*

डॉक्टरणीची चिठ्ठी दाखवून पाळणाघरात जागा मिळाली. चष्मेवाल्या बाईनं चिठ्ठी दोनदा वाचली, उजेडात धरून शिक्का बघितला, तरी पुढं रोज सकाळी धोंडूचं तोंड हुंगल्याशिवाय आत घ्यायची नाही. मीही तेच केलं होतं. माझ्या दोन सुट्ट्या त्याला पुरायच्या नाहीत. इतर बायका पाजून, चार गोष्टी करून परत जायच्या, मी भिंतीकडे तोंड करून त्याचा जबडा धरून बसलेली. सुभद्रा माझ्या बाबिनी पंधरा मिनिटं जास्त सांभाळायची. अंगठा आणि बोट रात्रंदिवस आखडलेली असायची. कामावर गाठ मारताना चुकायला लागले.

एप्रिलमध्ये एका दुपारी मी सवयीनं हनुवटीखाली बोट घातलं तर त्यानं आधीच धरलं होतं. इतकं घट्ट ओढलं की मी ओरडले. चष्मेवाली धावत आली.

"काय झालं?"

"चावतोय, बाय."

"दात नाहीत त्याला."

"तरी चावतोय," मी म्हटलं, आणि मला हसू आवरेना. तिनं वाकून बघितलं. गालाची वाटी आत-बाहेर होत होती. ती शेजारी उभी राहिली आणि माझी सुट्टी संपल्याचा भोंगा झाला तरी मला उठ म्हणाली नाही.

त्या रविवारी मी बाबुरावांकडे पोस्टकार्ड घेऊन गेले. मला तेव्हा अक्षर येत नव्हतं. चाळीतली सगळी पत्रं तेच लिहायचे, गॅलरीत खुर्ची टाकून, आणि लिहिलेली प्रत्येक ओळ मोठ्यानं वाचून दाखवायचे. जयवंत कठड्याला टेकून उभा होता. चंपा भांडी घेऊन बसली होती.

"हं, सांगा."

"सौभाग्यवती बकुळाचा शिरसाष्टांग नमस्कार."

"...नमस्कार. पुढं?"

"बाळ आता अंगावर पितं."

"...अंगावर पितं. पुढं?"

पुढचं वाक्य मी तीन दिवस मनात घोळवलं होतं. चंपानं भांडं घासायचं थांबवलं होतं. बाबुरावांचा टाक वर धरलेला.

"वहिनी, पुढं?"

"आपण यावं," मी म्हटलं. "बाकी सर्व खुशाल."

त्यांनी ते मोठ्यानं वाचलं आणि सही म्हणून माझ्या अंगठ्याला शाई लावली.

उत्तर पंधरा दिवसांनी आलं, गावच्या मास्तरांच्या हातचं. बाबुरावांनी तेही मोठ्यानं वाचलं. बाळ पितं ते वाचून बरं वाटलं. उन्हाळ्यात त्याला वाळ्याच्या पाण्याचा थेंब द्यावा. येणं पावसाळ्यानंतर जमलं तर बघू. माझ्या नावानं पुढं एक ओळ होती: लक्ष्मीला सांगणं की मी बरी आहे.

मे महिन्यात गावी आईकडे जायला जयवंतानं रजा मागितली. रजा मंजूर व्हायला बारा दिवस गेले. पुढं बऱ्याच वर्षांनी, केस पिकल्यावर, मी चाळीतल्या प्रौढांच्या वर्गात बसून बाराखडी शिकले. त्या पोस्टकार्डावर न घातलेली ओळ आता मला लिहिता येते. मी तुमच्यावर खोटा आळ घेतला.

धोंडू सव्वातीन वर्षं अंगावर प्याला. चौथ्या वर्षी चालला. मला आय म्हणायचा, लक्ष्मीलाही आयच म्हणायचा. तो ११ ऑगस्ट १९६९ रोजी छातीत कफ होऊन वारला. तेरा वर्षांचा होता. माझ्या सासूबाई मीराबाई कुशाबा पाष्टे २९ मे १९५६ रोजी सकाळी गावच्या घरी पोटाच्या दुखण्यानं वारल्या. जयवंत दुसऱ्या दिवशीच्या बोटीनं पोचला.